'सिंहासन' की 'कोर्ट': आधी कोणता बघावा?

घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना मुंबईवरचा एकच मराठी सिनेमा दाखवायचा झाला, तर माझ्या मते निवड या दोघांतच होते: जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) आणि चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४).

'सिंहासन' अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री श्रीराम लागू, कामगार पुढारी सतीश दुभाषी. एक निनावी फोन येतो आणि सरकार डगमगायला लागतं. कोणता आमदार कुणाच्या गोटात, याची कुजबुज ऐकताना आजची नावं आपोआप डोळ्यांसमोर येतात. निळू फुल्यांना आपण बेरकी पाटील म्हणून ओळखतो. इथे ते पत्रकार दिगू आहेत, सगळं बघतात आणि आतल्या आत खचत जातात. शेवटाकडे 'उषःकाल होता होता' आठवत राहतं ते त्यांच्यामुळेच.

अडचण एकच. पात्रांची गर्दी फार, आणि कामगार पुढाऱ्याला मंत्री एवढे का वचकून असतात, हे गिरण्यांच्या जागी टॉवर बघत वाढलेल्या पोरांना समजावून सांगावं लागतं.

'कोर्ट'ला असं काही सांगत बसावं लागत नाही. गटार साफ करताना एक कामगार मेला, आणि खटला भरला गेला तो लोकशाहीर नारायण कांबळेंवर: म्हणे त्यांच्या गाण्याने त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं! वीरा साथीदारांनी हा शाहीर असा उभा केलाय की अभिनय कुठे दिसतच नाही. आणि त्या कामगाराच्या बायकोची साक्ष चुकवू नका. गटारात उतरण्याआधी नवरा आत खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर हवा आहे असं समजायचा. ती हे बाजारभाव सांगावा तसं सांगते. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३चा आहे, तरी गटारात गुदमरून माणसं मरतातच.

गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकीलही खलनायिका नाही. कोर्ट सुटलं की लोकलने घरी, मग मुलाला आणणं, स्वयंपाक. आपल्या बिल्डिंगमधली कुणीही असावी अशी ती बाई कोर्टात निर्विकारपणे जुनी कलमं वाचते, आणि मला या सिनेमातलं सगळ्यात भयंकर तेच वाटतं. कॅमेरा मात्र जागचा हलत नाही, लांबलचक दृश्यं चालतात. ज्यांना चटपटीत संवाद हवेत ते कंटाळतील.

तरुण प्रेक्षक असेल तर आधी 'कोर्ट'च लावा, दोन तासांच्या आत संपतो. राजकारणाच्या गप्पांत रमणारं, सत्तरीचं दशक पाहिलेलं कुणी घरात असेल, तर 'सिंहासन' त्यांना शेजारी बसवूनच बघा. कोण कुणाचा माणूस, हे ते मधेमधे सांगत राहतील आणि त्याची गरज पडेलच.