प्रसूतिपूर्व तपासणी केंद्र : मोजमाप चोख, समजावणे अपुरे

माझ्या पहिल्या गरोदरपणात नवव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंतच्या सगळ्या तपासण्या मी एकाच केंद्रात करून घेतल्या. मोजमाप आणि नोंदी यांबाबत या केंद्रावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. मात्र हाती आलेल्या अहवालाचा अर्थ गरोदर बाईला वेळेवर समजावून सांगण्यात ते कमी पडते. ज्यांना पहिल्यांदाच दिवस गेले आहेत, त्यांना या दोन्ही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली भेट सर्वांत लांबलचक होती आणि ती तशीच असायला हवी. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून प्रसूतीची अंदाजे तारीख काढली गेली. घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का, सध्या कोणती औषधे चालू आहेत, हे सगळे डॉक्टरांनी घाई न करता विचारले. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिस यांचा समावेश होता. लघवी कल्चरसाठी, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी, पाठवली, तेव्हा मला कोणताच त्रास नसल्याने मी कारण विचारले. गरोदरपणात लघवीत जंतू असूनही कधी कधी जळजळ होत नाही आणि उपचार राहून गेला तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो, असे उत्तर मिळाले. फॉलिक अ‍ॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी मात्र मी उशिरा सुरू केली, याची मला आजही रुखरुख आहे. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया ज्या नलिकेतून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळ जणींना दिवस गेल्याचे कळते न कळते तोवरच. म्हणून मूल हवे असे ठरताच डॉक्टरांना विचारून ही गोळी सुरू करावी.

या केंद्राचे खरे बळ दिसते ते रक्तदाब मोजण्याच्या टेबलापाशी. तिथल्या सिस्टर आल्या आल्या पट्टा बांधत नसत. पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीला टेकवून बसायला सांगत, हात हृदयाच्या पातळीवर येईल असा उशीवर ठेवत आणि मोजणी चालू असताना मला बोलू देत नसत. माझा रक्तदाब एरवी 110/70 च्या आसपास असे. तिसाव्या आठवड्यात तो 128/84 भरला. 140/90 ही धोक्याची रेषा अजून दूर होती. तरीही त्यांनी पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजला, लघवीतील प्रथिने तपासली आणि पुढची तारीख दोन आठवड्यांनी असताना मला तीन दिवसांनीच बोलावले. विसाव्या आठवड्यानंतर वाढणारा रक्तदाब अनेकदा कोणतेही लक्षण न दाखवता चढतो आणि तो पकडण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे दर वेळी नीट केलेली मोजणी, हे मला त्या दिवशी पटले. पोटाची उंची मोजतानाही सिस्टर टेप उलटी धरत, म्हणजे आकड्यांची बाजू खाली, आणि मोजून झाल्यावरच ती पालथी करून आकडा वाचत. चोविसाव्या आठवड्यानंतर हे सेंटिमीटर साधारण आठवड्यांइतकेच भरतात. त्यामुळे आकडा आधी दिसला तर हात नकळत अपेक्षित जागी थांबतो, असे त्यांनी मला सांगितले.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी, छत्तिसाव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे दर आठवड्याला, असे इथले वेळापत्रक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये किमान 8 भेटींची शिफारस केली. त्याआधी ती 4 भेटींची होती. त्या हिशोबाने इथल्या भेटी पुरेशा आहेत.

माझी तक्रार विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीविषयी आहे. बाळाचे हृदय, पाठीचा कणा, मूत्रपिंडे, हातपाय असे सगळे अवयव बारकाईने पाहिले जातात, ती ही तपासणी. तपासणी उत्तम झाली, पण अहवाल मला काउंटरवरून पाकिटात मिळाला आणि त्यात वार (बाळाला पोषण पुरवणारी प्लासेंटा) खाली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळ, असल्याचे लिहिले होते. डॉक्टरांची भेट चार दिवसांनी होती. त्या चार दिवसांत मी जिना चढायलाही घाबरले. प्रत्यक्षात या टप्प्यावर वार खाली दिसणे नवलाचे नाही. गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जातो तशी बहुतेकींची वार तोंडापासून दूर सरकते, आणि बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहून निर्णय घेतला जातो. अंगावरून जाऊ लागले तर मात्र तडक यायचे. एवढे सांगायला दोन मिनिटे पुरली असती, आणि ती त्याच दिवशी द्यायला हवी होती. माझी वार पुढे वर सरकली, पण ते चार दिवस विसरता येत नाहीत.

साखरेच्या तपासणीबाबतही असेच घडले. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांत तीनदा रक्त घेतात. त्यासाठी उपाशीपोटी यायचे असते, हे मला कुणी सांगितले नाही आणि एक खेप वाया गेली. भेटीच्या शेवटी पुढच्या वेळची तयारी आपणहून विचारून घ्यावी.

शेवटच्या तीन महिन्यांत मिळालेला कागद मात्र मी जपून ठेवला आहे. बाळाची हालचाल कमी वाटणे, पाणी जाणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, यांपैकी काहीही झाले तर वेळ न पाहता यायचे, असे त्यावर मोठ्या अक्षरांत होते. एकदा हालचाल मंदावल्यासारखी वाटली म्हणून मी रात्री गेले. उगाच आलात असा भाव कुणाच्याही चेहऱ्यावर नव्हता आणि बाळाचे ठोके नीट ऐकवूनच मला घरी पाठवले.

माझा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे. फाइलच्या पहिल्याच पानावर तो लाल शाईने लिहिला होता आणि बाळाचे रक्त पॉझिटिव्ह असल्यास त्याविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून देतात ते अँटी-डीचे इंजेक्शन अठ्ठाविसाव्या आठवड्यात दिल्याची नोंद खाली होती. प्रसूतीच्या रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांनी मला पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांनी फाइल उघडली, नाळेतील रक्त बाळाचा गट पाहण्यासाठी ठेवायला सांगितले, आणि गट पॉझिटिव्ह निघाल्यावर 72 तासांची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी मला दुसरे इंजेक्शन मिळाले.