पाणीपुरवठा समितीला पाठवायचे कुठे: अधिवेशनाला की अभ्यासदौऱ्याला?

महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार पाणीपुरवठ्यासारख्या विषय समितीची मुदत एक वर्षाची. त्यामुळे पाणीपुरवठा समितीच्या सदस्यांना शिकायला पाठवायचे तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. आठव्या महिन्यात गेलेला सदस्य ठराव मांडायला उभा राहीपर्यंत समितीच बदललेली असते.

एक वाट इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनाची. पाणीपुरवठा क्षेत्रातली १९६८ ची ही संस्था, मुख्यालय मुंबईत, अधिवेशन मात्र दरवर्षी वेगळ्या शहरात. निबंधवाचन प्रामुख्याने इंग्रजीत आणि अभियंत्यांसाठी. सदस्यांच्या उपयोगाचे ते प्रदर्शन: मीटर, व्हॉल्व्ह, गळतीशोधक यंत्रे एकाच मांडवाखाली हाताळून पाहता येतात. फसगतही तिथेच होते. विक्रेता स्वयंचलित मीटर दाखवतो, सदस्य त्याचाच प्रस्ताव घेऊन येतो. गावात पाणी दिवसाआड येत असेल, तर पाणी सुटताना नळातून आधी हवा धावते, साधा यांत्रिक मीटर त्या हवेनेही फिरतो आणि पहिल्याच बिलावरून भांडणे होतात. म्हणून प्रत्येक मीटरवाल्याला आधी विचारावे: खंडित पुरवठ्यात हा कुठे चालतो आहे, तिथला पत्ता द्या. सोबत पाणीपुरवठा अभियंता हवाच.

दुसरी वाट अभ्यासदौऱ्याची, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आमची पसंती हिलाच. कराडजवळचे मलकापूर मीटरने चोवीस तास पाणी देण्यासाठी ओळखले जाते. बेळगावच्या निवडक प्रभागांत असा पुरवठा २००८ मध्ये सुरू झाला. त्या प्रभागांत आधी वितरण वाहिन्या नव्याने टाकल्या आणि प्रत्येक जोडणीला मीटर बसवला. हा क्रम डोळ्यांनी पाहिला की ‘आधी मोठी टाकी बांधा’ हा हट्ट सुटतो.

दौरा फुकट जातो तो यजमानांनी शुद्धीकरण केंद्र दाखवून निरोप दिल्यामुळे. पंधरा दिवस आधी पत्र पाठवून तीन गोष्टी मागाव्यात: पाणीपट्टीचे दरपत्रक, वर्षभराची वीजबिले, आणि व्हॉल्व्हमन व वसुली लिपिकाशी तासभर बोलणे. सकाळी सहा ते नऊ या गर्दीच्या वेळी वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरी जावे. नळाला दाबमापक लावावा. एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब म्हणजे पाणी सुमारे दहा मीटर उंची गाठते. तिथेच ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी, करावी; हे उर्वरित क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. नळाला मोटर लावलेली घरे किती, तेही मोजावे.

माणसे पाच पुरेत: सभापती, दोन सदस्य (त्यांतला एक विरोधी गटातला, कारण दरवाढीच्या सभेत त्याने पाहिलेले जास्त ऐकले जाते), अभियंता आणि वसुली लिपिक. बसभर माणसे नेली की दाबमापकापाशी दोघेच उभे राहतात.

निधी एकाच वाटेपुरता असेल, तर दौरा. दोन्ही जमत असेल, तर दौऱ्यात पडलेले प्रश्न लिहून अधिवेशनाला दोघांनाच पाठवावे, आणि परतल्यावरच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत त्यांचा दोन पानी अहवाल कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.