पूर ओसरल्यानंतरचे ‘स्मार्ट’ वायरिंग : चार पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

२३ जुलै २०२१ रोजी गोव्यातील म्हादई नदीच्या पुराचे पाणी उसगाव-गांजे भागातील आमच्या घरात शिरले आणि माजघराच्या भिंतीवर जमिनीपासून चार फुटांवर चिखलाची रेघ सोडून गेले. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हणून उल्लेख केला, तो हाच. जांभ्या चिऱ्यांनी बांधलेला पुढचा भाग तगला, मागची मातीची खोली मात्र कौलांसकट बसली. मामलेदार कार्यालयाचा पंचनामा झाल्यावर दुरुस्तीचा विचार सुरू झाला, आणि भिंती फोडायच्याच आहेत तर विजेचे काम ‘स्मार्ट’, म्हणजे फोनवरून चालवता येईल असे, करून घ्यावे, असे माझ्या धाकट्या भावाने सुचवले. फोंड्याच्या एका दुकानाने २०२२ च्या उन्हाळ्यात ते काम केले. त्यानंतर चार पावसाळे गेले असल्यामुळे आता त्याविषयी लिहिण्यास हरकत नाही. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी तक्रार येणार आहे ती बऱ्याच जणांच्या कामाला लागू पडेल असे मला वाटते.

प्रथम जे उत्तम झाले ते सांगतो. चतुर्थी १० सप्टेंबरला होती आणि त्याआधी घरात दिवे लागावेत, असा आईचा आग्रह होता. दुकानाने पाठवलेल्या वायरमनने भिंतीतील जुन्या वायरींवर मेगर (वायरीचे इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावून आम्हाला काटा दाखवला. माजघराच्या एका सर्किटचे इन्सुलेशन एक मेगाओहमच्याही खाली आले होते. पाण्यात बुडालेले एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारे स्विच), स्विच आणि सॉकेट वरून कोरडे दिसले तरी पुन्हा वापरायचे नसतात, हे त्याने स्पष्ट सांगितले आणि चतुर्थीपुरती पोटमाळ्यावरून एक तात्पुरती वेगळी लाइन ओढून दिली. त्या वर्षी गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली दोनच बल्ब होते. चिरा सच्छिद्र असल्याने भरपूर पाणी पितो आणि ते सावकाश सोडतो. ओल्या चिऱ्यावर घाईने सिमेंटचा गिलावा केला तर आतला ओलावा कोंडला जातो. म्हणून कायमचे काम मार्चपर्यंत थांबवण्याचा सल्ला त्याने दिला आणि आम्ही तो मानला. घरात उजेड नसताना काम पुढे ढकला असे सांगणारा माणूस विरळाच, आणि या अभिप्रायातील माझ्या समाधानाचा मोठा वाटा त्याच्या खात्यावर जमा आहे.

मार्चमध्ये सर्व स्विचबोर्ड आणि सॉकेट पुराच्या रेघेच्या वर, साडेपाच फुटांवर घेतले. मीटरच्या बोर्डाची जागाही बदलून घेतली. आईला स्विचपर्यंत हात उंच करावा लागतो आणि मिक्सरची वायर ओट्यापर्यंत लोंबकळते, पण त्याला इलाज नाही. प्रत्येक बोर्डापर्यंत न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) आणली, अर्थिंग नव्याने केले आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर) बसवला. स्विचमागे बसणाऱ्या बहुतेक स्मार्ट मॉड्यूलना चालण्यासाठी न्यूट्रल लागते, आणि आमच्यासारख्या जुन्या घरांत नुसत्या दिव्यांच्या बोर्डापर्यंत ती बहुधा आणलेलीच नसते. भिंत बंद झाल्यावर हे सुचले तर पुन्हा फोडाफोड आली. दुरुस्तीच्या वेळीच हे करून घेण्याचे सर्वांत सबळ कारण माझ्या मते एवढेच आहे. बाकीची उपकरणे नंतर केव्हाही विकत घेता येतात.

आता तक्रारीकडे येतो. आम्ही पाण्याची चाहूल देणारे चार सेन्सर घेतले होते. एक न्हाणीत, एक मागच्या पडवीत, एक विहिरीच्या पंपाच्या खोलीत आणि एक पुढच्या पायरीजवळ. खाली पाणी साचले की फोनवर सूचना येते, असे त्यांचे काम. दुकानाने हब (सेन्सरचे संदेश गोळा करणारी पेटी) आणि राउटर इन्व्हर्टरवर जोडले होते आणि वीज गेली तरी यंत्रणा चालू राहील, असे आम्हाला सांगितले होते. जूनच्या अखेरीस एका रात्री नेहमीप्रमाणे पावसाआधी वीज गेली. मला झोप येत नव्हती, म्हणून मी आईला पडवीतल्या सेन्सरवर तांब्याभर पाणी ओतायला सांगितले आणि फोन हातात धरून ओटीवर बसलो. पाच मिनिटे झाली तरी फोन गप्प. ‘अरे, आणखी ओतू का?’ असे आईने आतून दोनदा विचारले, तोवर पडवी सारवल्यासारखी ओली झाली होती.

कारण शोधायला दोन दिवस लागले. हे सेन्सर झिगबी नावाच्या बिनतारी पद्धतीने बोलतात. त्यात कायम विजेवर चालणारी उपकरणे, म्हणजे स्मार्ट प्लग आणि स्विचमागची मॉड्यूल, एकमेकांचा संदेश पुढे नेतात. बॅटरीवरचे सेन्सर मात्र फक्त स्वतःचे बोलतात, दुसऱ्याचा निरोप नेत नाहीत. आमच्या दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंतींतून पडवीचा संदेश हबपर्यंत थेट पोहोचत नव्हता, तो मधल्या दोन प्लगांच्या खांद्यावरून जात होता, आणि ते प्लग इन्व्हर्टरवर नव्हते. वीज गेल्याबरोबर मधली माणसेच झोपी गेली. गोव्याच्या पावसाळ्यात पाणी येण्याआधी वीज जाते, हे फोंड्यातल्या दुकानदाराला मी सांगायला हवे होते, असे मला वाटत नाही. चूक दाखवल्यावर त्यांनी ते दोन्ही प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले आणि त्याचे पैसे लावले नाहीत, हेही नोंदवतो. तरीही ही तपासणी काम ताब्यात देताना त्यांनीच, मुख्य स्विच पाडून, करायला हवी होती.

दुसरी चूक पंपाची. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप त्यांनी सोळा ॲम्पिअरच्या स्मार्ट प्लगवर थेट जोडला होता. चालू असताना पंप त्या मर्यादेच्या बराच खाली राहतो, पण सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते, आणि प्लगमधल्या रिलेचे (आतल्या छोट्या विद्युत-स्विचचे) संपर्क-बिंदू असे रोज भाजून निघतात. ऑगस्टमध्ये ते चिकटले. फोनवर ‘बंद’ दिसत होते आणि टाकी ओसंडून कौलांवर पाणी पडत होते. आता मध्ये काँटॅक्टर (मोटरचा भार पेलणारा दणकट स्विच) आहे, प्लग फक्त त्याला इशारा देतो, आणि त्यानंतर त्रास झालेला नाही. हा काँटॅक्टर आम्ही पदरमोड करून बसवला.

दुरून चालू-बंद करता येणारा मुख्य ब्रेकरही त्यांनी सुचवला होता. मी पणजीत नोकरी करतो, घरी आई-बाबा दोघेच असतात, म्हणून कल्पना मोहक वाटली. बंद करण्याची सोय मला खरोखर उपयोगी वाटते. परंतु पाणी शिरलेल्या घरात कोण कुठे उभे आहे हे न पाहता पणजीहून वीज सुरू करणे हा जिवाशी खेळ आहे. ॲपमधून सुरू करण्याची सोय काढून टाका, असे सांगितल्यावर दुकानवाले ‘मग अर्धी किंमत वाया गेली की’ असे म्हणाले. माझ्या मते ती अर्धी किंमत न दिलेलीच बरी होती. आमच्या घरी वीज सुरू करायची ती बाबांनी कोरड्या पायांनी मीटरजवळ उभे राहूनच.

दिव्यांचे रंग बदलणे, आवाजावर पंखा लावणे वगैरेंविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आवाजी यंत्राशी आई हिंदीत बोलते, ते ऐकून बाबांना हसू येते, एवढाच त्याचा उपयोग. न्हाणीतल्या सेन्सरचे बॅटरीचे टोक दमटपणामुळे दीड वर्षात हिरवे पडले. बाकीचे तीन शाबूत आहेत.

विजेच्या कामाच्या एकूण खर्चात स्मार्ट भागाचा वाटा साधारण एक तृतीयांश होता. घासाघीस करायचीच असेल तर ती त्या भागात करावी. अर्थिंग, आरसीसीबी आणि न्यूट्रल यांच्यावर करू नये. पुराची खरी आगाऊ खबर आम्हाला अजूनही वरच्या अंगाला असलेल्या वाळपईच्या मावशीच्या फोनवरूनच मिळते, कारण पायरीवरचा सेन्सर वाजतो तेव्हा पाणी पायरीपर्यंत आलेलेच असते. तरी घर बंद करून चतुर्थीला आजोळी जाताना न्हाणीचा नळ ठिबकत राहिला होता, ते न्हाणीतल्या सेन्सरनेच कळवले, आणि शेजाऱ्यांनी जाऊन तो बंद केला.

दुकान आता वार्षिक देखभालीचे पैसे घेते. मी ते मेअखेरीस देतो. त्यांचा मुलगा येतो, बॅटऱ्या बदलतो, मग मी मुख्य स्विच पाडतो आणि आई प्रत्येक सेन्सरवर ओले फडके ठेवते. चारही सूचना फोनवर आल्यावर मी पावती मागतो.