उजव्या बाजूसाठी घेतलेली सनस्क्रीनची ट्यूब

माझे दोन्ही हात शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या माणसांचे वाटतील. १९ वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय आणि भाडी जास्त करून चिंचवड ते नाशिक. या रस्त्याची एक खोड आहे. सकाळी जाताना गाडीचं तोंड उत्तरेला, ऊन उजवीकडून. दुपारी परत फिरलो की तोंड दक्षिणेला, पण तोवर सूर्यही पश्चिमेला गेलेला. म्हणजे ऊन परत माझ्याच दाराशी.

काच वर, एसी चालू, मग कसलं ऊन, असं मी इतकी वर्षं म्हणत होतो. मुलगी डी. फार्मला आहे. तिने एक फोटो दाखवला. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेला, ६९ वर्षांचा अमेरिकेतला ट्रक ड्रायव्हर, २८ वर्षं गाडीवर. डावा गाल शेतातल्या ढेकळासारखा, उजवा ठीकठाक. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो ना. "पप्पा, तुमचं उजवीकडून सुरू झालंय," म्हणाली. आरशात पाहिलं. उजव्या डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या खरंच खोल आहेत आणि गालावर तिळाएवढे डाग.

तिने सांगितलं ते असं. पुढच्या काचेत दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो उन्हातले यूव्हीए नावाचे किरण जवळपास सगळे अडवतो. दाराची काच साधी टफन, तिच्यातून ते बरेच आत येतात. त्यांनी कातडी भाजत नाही म्हणून कळतही नाही, पण खोलवर जाऊन ती सैल करतात. काळी फिल्म होती तेव्हा बरं होतं, पण २०१२ लाच सुप्रीम कोर्टाने ती उतरवायला लावली.

तर सनस्क्रीन. पहिली आणली ती झिंकवाली. चांगली असेलही, पण माझ्या रंगावर पांढरा थर बसला. मिशीत अडकली ती वेगळीच. नारायणगावला चहाला उतरलो तर ओळखीचा टपरीवाला म्हणाला, "काय शेठ, तमाशाच्या राहुटीतून थेट इकडेच का?" ती ट्यूब बायकोला दिली.

दुसरी जेलची. ५० ग्रॅम, ४७० रुपये, एसपीएफ ५०, पीएच्या पुढे अधिकची चार चिन्हं. ही तीन महिने वापरतोय. मेडिकलवाला एसपीएफच्या आकड्यावरच बोलत होता, पण तो आकडा मुख्यतः भाजणाऱ्या किरणांचा. ३० वाली साधारण ९७ टक्के अडवते, ५० वाली ९८, पैशाच्या मानाने फरक किरकोळ. काचेतून येणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी पीएपुढची ती अधिकची चिन्हं मोजायची.

लावायला झकास. चिकट नाही, वास नाही, पांढरं पडत नाही, स्टिअरिंगला हात घसरत नाही. तक्रार डोळ्यांची. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये एसी बंद करून बसलो होतो, कपाळावरून घाम उतरला आणि डोळ्यांत अशी आग झाली की गाडी कडेला घेऊन बाटलीभर पाण्याने तोंड धुवावं लागलं. आता भुवयांच्या वर एक बोट जागा सोडून लावतो.

दुसरी तक्रार खर्चाची. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर दोन रेघा एवढी लागते. आम्ही हरभऱ्याएवढी लावून छापलेल्या आकड्याची अपेक्षा धरतो, तेवढ्या चोळण्यात तो काय मिळणार! दर दोन तासांनी परत लावायची. मी संगमनेरला आणि नाशिकला पोचल्यावर लावतो, परतताना आळेफाट्याला राहून जाते. एवढ्यावरही ट्यूब पंधरा-सोळा दिवसांत आटोपते. हातालाही लावली असती तर आठवड्यातच. म्हणून हाताला सिग्नलवर मिळणारी बाही चढवतो, जोडी १०० रुपये. हातापुरतं सांगायचं तर ती या ट्यूबपेक्षा सरस आहे. पुसली जात नाही, दोन तासांचं घड्याळ नाही.

एक चूक माझी. मे महिन्यात ट्यूब डॅशबोर्डवर राहिली. संध्याकाळी दाबली तर आधी तेलकट पाणी, मग गुठळ्या. ४७० रुपये गेले. आता डब्याच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतो.

जुने डाग गेले का? नाही, एकही नाही, आणि ट्यूबवर तसं लिहिलेलंही नाही. पण रात्री तोंड धुताना उजवा गाल चरचरायचा ते थांबलंय. पाचपैकी साडेतीन. डोळ्यांत न जाणारी कुठली असेल तर खाली कळवा. झिंकवाली सुचवू नका, ती घरात आहे, आणि बायको खूश आहे.