मुलीची स्कूल बस, नाशिकचा पाथर्डी फाटा रूट : बसला ४ स्टार, रस्त्याला १

मुलगी दुसरीत आहे, जूनपासून ही बस लावली. आधी बस थेट आमच्या गल्लीत यायची, पण गल्ली पुढे बंद, त्यामुळे निघताना रिव्हर्सच घ्यावी लागायची आणि नेमकी तेव्हाच मागून पोरं दप्तर सांभाळत पळत यायची. ऑगस्टमध्ये शेजारचा पहिलीतला मुलगा पडलेली पाण्याची बाटली उचलायला बसच्या मागे वाकला, बसमधल्या मावशींनी पत्र्यावर जोरात थाप मारली म्हणून ड्रायव्हर काका थांबले, माझे तर हातपाय गार पडले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही चार पालक बसमालकांकडे गेलो. त्यांनी अजिबात वाद घातला नाही, स्वतः येऊन जागा बघितली. मोठ्या बसला एका दमात वळायला २०-२४ मीटर मोकळी जागा लागते, आमची गल्ली ९ मीटरची, विषयच संपला. मग स्टॉप बाहेर मैदानापाशी नेला, तिथे बस गोल फिरून येते आणि दार मैदानाच्या बाजूलाच उघडतं, रिव्हर्सची भानगडच नाही. यासाठी त्यांचे मनापासून आभार. राज्याच्या नियमानुसार मुली असल्या की बसमध्ये बाई अटेंडंट लागते, पण या मावशी नुसत्या बसून नसतात, एकेका पोराचा हात धरून उतरवतात. संध्याकाळी उशीर झाला की फोन मात्र कोणी उचलत नाही, तिथे एक स्टार कमी.

खरी अडचण घर ते स्टॉपची. फुटपाथ मी टेप लावून मोजला, ९५ सेंटिमीटर, त्यातच मधोमध विजेची डीपी (पेटी), म्हणजे तिथे पोरीला रस्त्यावर उतरवावंच लागतं आणि बाजूने टँकर जात असतात. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या फुटपाथच्या नियमावलीत चालायला अडथळ्याशिवाय किमान १.८ मीटर रुंदी सांगितलीये आणि कर्ब (फुटपाथची कड) १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको असंही आहे, आमचा कर्ब तिच्या गुडघ्याला लागतो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की चालायला नीट फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क आहे. गेल्या रविवारी अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका स्मार्ट रोडवर तिला चालवत नेलं तर रुंद फुटपाथ बघून विचारते, आई, इथे हात सोडू का?

आम्ही फोटो आणि मापं लावून अर्ज दिलाय, या रूटवरच्या पालकांनी सही करायला या प्लीज. आणि नवीन बस लावताना फी विचारायच्या आधी बस वळते कुठे ते सकाळी स्वतः उभं राहून बघा.