लाइटनिंग वॉलेट ६ महिने वापरलं, पाठवायला लय भारी पण घ्यायला कटकट

लाइटनिंग म्हणजे बिटकॉइन झटपट आणि कमी फीत पाठवायची, बिटकॉइनच्याच वर बसवलेली सोय, आणि वॉलेट म्हणजे त्यासाठीचं ॲप. आधीच सांगतो ॲपचं नाव घेत नाही, कारण मी तीन वापरून बघितली आणि थोड्याफार फरकानं सगळीकडं तेच रडगाणं आहे. मी सांगलीत विश्रामबागला घरात बसून लोगो, बॅनर असली कामं करतो. बाहेरचा एक क्लायंट बिटकॉइनमध्येच पैसे देतो, ते पण तुकड्या तुकड्यानं, कधी २० हजार सॅट्स कधी ३० हजार. १ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सॅट्स, त्यामुळं आकड्यावर जाऊ नका. आधी साधं बिटकॉइनच पाठवायचा, पण एकदा नेटवर्कला गर्दी होती तेव्हा फीच एवढी दाखवायला लागलं की म्हणाला आता दोन महिन्यांचं एकदमच देतो. मला दुकानाचं भाडं नाही पण घर आहे की राव.

मुळात घोळ असा की बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, साधारण १० मिनिटांनी एक येतो, २०१० मध्ये त्याला १ एमबीची मर्यादा घातली, त्यात सेकंदाला फार तर ७ व्यवहार बसतात. अख्ख्या जगाचे हां. हळदीच्या सीझनला मार्केट यार्डात एकच काटा ठेवला तर काय होईल, तसं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सेगविट नावाचा बदल आला, व्यवहारातल्या सह्यांचा भाग कमी वजनानं मोजायला लागले, जागा वाढली पण बेताचीच. ब्लॉकच मोठा करा म्हणणारे त्याच महिन्यात वेगळे निघाले आणि ८ एमबीचा बिटकॉइन कॅश काढला. मला पण आधी तेच पटायचं, त्यात काय, करा मोठा! पण साताऱ्यातला माझा मावसभाऊ घरी नोड चालवतो, म्हणजे बिटकॉइनचे सगळे ब्लॉक स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवून तपासतो, त्याची १ टीबीची एसएसडी आत्ताच निम्म्याच्या वर भरलीय. तो म्हणाला ब्लॉक आठपट केला तर मी काय सारख्या डिस्काच घेत बसू का, मग नोड फक्त मोठ्या कंपन्यांकडंच राहतील. ह्यावर मला काय बोलता आलं नाही.

ह्यावरचा दुसरा तोडगा म्हणजे लाइटनिंग. त्याचा चॅनल म्हणजे अडत्याकडची वही समजा. सुरुवातीला पैसे दोघांच्या सहीखाली अडकवायचे, ती नोंद मेन चेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या त्या ब्लॉकांच्या साखळीत, मग मधलं शंभरदा देणंघेणं वहीतच आणि मिटवायच्या दिवशी परत एक नोंद. क्लायंटशी माझी थेट वही नसली तरी मधल्यांच्या वह्यांतून पैसे येतात आणि मधल्याला ते ढापता येत नाहीत, हे डोकं ज्यानं लावलं त्याला मानलं.

पाठवायला एक नंबर. मावसभावाला पाठवून बघितले, दोन सेकंदात पोचले, फी नावाला.

घेताना मात्र पहिल्याच पेमेंटमधनं चार हजाराच्या आसपास सॅट्स कापले! मी सपोर्टला भांडलो, नंतर कळलं की नवीन चॅनल उघडायला मेन चेनवर व्यवहार करावाच लागतो आणि त्याची फी माझ्या माथी. वर अजून एक गंमत, चॅनलमध्ये समोरच्या बाजूला पैसे असतील तेवढेच मला येणार. म्हणजे माझी बाजू भरली की परत नवीन खर्च, नाहीतर आधी कुठंतरी खर्च करून जागा करा. आता सांगलीत सॅट्स घेऊन भडंग कोण देणार मला, तिथं यूपीआयच. हे सगळं ॲपनं पहिल्या स्क्रीनवर मराठीत नको पण निदान नीट तरी लिहायला पाहिजे होतं.

दुसरं म्हणजे पैसे येताना फोन चालू लागतो. रात्री बॅटरी सेव्हरनं ॲप झोपवलं आणि क्लायंटचं पेमेंट दोनदा फेल, तो मलाच विचारतोय नक्की पाहिजेत ना पैसे. सेव्हरमधनं ॲप काढल्यापासून तेवढा त्रास गेला.

आणि विकताना फायद्यावर ३०% टॅक्स धरून चाला, एप्रिल २०२२ पासून आहे, त्यात ॲपचा काय दोष नाही.

५ पैकी साडेतीन. महिन्यात दोनदाच पैसे येणार असतील तर नादाला लागू नका, सारखं येणंजाणं असेल तरच परवडतं. मी आता एकदाच मोठा चॅनल उघडणार आहे, रविवारी सकाळी, तेव्हा बऱ्याचदा फी उतरलेली असते.