बीएस-६ ट्रकचा डीपीएफ: वापरानंतरचा अनुभव आणि सुट्या डिझेलचा खरा खर्च

एका मालकाच्या वॉरंटीतल्या ट्रकचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरमधला फिल्टर) तुंबला आणि सर्व्हिसवाल्यांनी "डिझेल खराब आहे" म्हणून हात वर केले. टाकीतला नमुना घेतला नाही, रिपोर्ट दिला नाही. एवढं दुरुस्तीचं बिल नुसत्या तोंडी शब्दावर मालकाच्या गळ्यात मारणं साफ चूक आहे. पण डिझेलचा मुद्दा खरा आहे.

बीएस-४ (आधीच्या प्रदूषण मानकाच्या) डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ५०) चालत होतं. एप्रिल २०२० पासून, बीएस-६ मध्ये, मर्यादा १० आहे. कारण डीपीएफच्या आधी, इंजिनाच्या बाजूला बसलेला डीओसी (धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक). त्यातलं प्लॅटिनम धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड करतं आणि तो वायू साधारण २५० ते ४०० अंशांत काजळी हळूहळू जाळतो. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा हे काम फुकटात होतं. गंधक वाढलं की प्लॅटिनम मंदावतं, फुकटचं जळणं घटतं आणि ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) जादा डिझेल सोडून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. सुटं स्वस्त डिझेल घेऊन लिटरमागे वाचवलेले दोन-चार रुपये असे सायलेन्सरातून जातात.

सुरुवातीच्या महिन्यांत या फिल्टरला मी पाचात दोन गुण दिले असते. आता चार देतो. लांब पल्ल्याला, अधिकृत पंपाच्या डिझेलवर तो त्रास देत नाही. शहरात, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीला मात्र रिजनचा (फिल्टर तापवून काजळी जाळण्याचा) दिवा लागणारच. तो लागला की इंजिन बंद करू नका. उभ्या गाडीत रिजन करायचं तर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि सायलेन्सरजवळ वाळलं गवत नको.

हायवेवर 'बायोडिझेल' म्हणून सुटं विकतात, ते घेऊच नका. त्यात सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस राहिलं तर त्याची राख होते. काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइलचंही तेच: स्वस्तातलं जुन्या ग्रेडचं नको, सीके-४ हा डिझेल इंजिन ऑइलचा ग्रेड टाका, त्याच्या राखेला १ टक्क्याची मर्यादा आहे.

पंपावर घनता तपासून मागा, हा ग्राहकाचा हक्क आहे. ५०० मिलीचा जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर. घनतेचा आकडा तक्त्यावरून १५ अंशांना आणायचा आणि पंपाच्या नोंदीशी ताडायचा. फरक ३ किलो प्रति घनमीटरपेक्षा जास्त असेल तर टाकी भरू नका. मिसळलेल्या तेलाची घनता डिझेलइतकीच असली तर ही तपासणी फसते. म्हणून पावती जपा, आणि क्लेमचा वाद होताच टाकीतलं लिटरभर डिझेल स्वच्छ ॲल्युमिनियमच्या डब्यात, तुम्ही आणि सर्व्हिसवाले दोघांसमोर, सील करून गंधकाची चाचणी लेखी मागा.

वॉटर सेपरेटरमध्ये (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भागात) साचलेलं पाणी नियमित काढून टाका. पाण्याने इंजेक्टर खराब झाला की फवारा बिघडतो आणि काजळी वाढते. मग नवा डीपीएफही तसाच तुंबतो. रिजन पूर्ण होऊनही त्याच आरपीएमला फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरचा फरक चढाच दिसला तर आधी प्रेशर सेन्सरच्या दोन्ही नळ्या चिरल्यात का, तुंबल्यात का ते बघा. त्या ठीक असतील तर आत राख आहे. फिल्टर उतरवून उलट्या दिशेने हवा मारून आणि भट्टीत तापवून साफ करून घ्या. ॲसिडने धुवून देणाऱ्याकडे देऊ नका, आतला लेप जातो.